अजून दुखतंय?

आजार आणि आजारपण असे दोन शब्द आपल्याकडे आहेत. वर्गात मी मुलांना नेहमी सांगायची, शब्द दोन असले की समजावं गोष्टीही दोन आहेत. आजार शरीराला होतो. त्याला नाव असतं, बहुतेक वेळा औषधही असतं. आजारपण मात्र माणसाला येतं, घराला येतं. आणि आजार संपला तरी आजारपण मागे राहू शकतं. आज त्या मागे राहिलेल्या आजारपणाविषयी लिहायचं आहे. विषय जरा रुक्ष आहे, पण आपल्या पुष्कळांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. शिवाय कोविडनंतर 'रिपोर्ट चांगले आहेत, पण बरं वाटत नाही' म्हणणारं एखादं माणूस प्रत्येक नात्यागोत्यात निघतंच. तेव्हा मंडळी, थोडं सांभाळून घ्या.

निमित्त झालं ते माझ्या भाचीचं. (तिला विचारूनच लिहिते आहे.) माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी, लग्न होऊन न्यू जर्सीत गेली त्याला पंचवीसेक वर्षं झाली. घरामागे झाडी आहे. तिथून हरणं थेट अंगणात येतात, आणि त्यांचे फोटो आले की आम्हाला इथे केवढं कौतुक! २०२३ च्या उन्हाळ्यात तिला ताप आला, अंग मोडून आलं, गुडघा सुजला. निदान व्हायला वेळ लागला. शेवटी कळलं, लाइम. तीन आठवडे डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या घेतल्या, ताप गेला, गुडघ्याची सूज उतरली. थकवा मात्र गेला नाही. सकाळी उठल्यावरच दमलेलं असायचं अंग, दुखणं आज खांद्यात तर उद्या मनगटात, आणि बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही. असे आठ-दहा महिने गेले. एका डॉक्टरांनी सांगितलं, वयाचा परिणाम आहे. मग कुणीतरी तिला एका खासगी क्लिनिकचं नाव दिलं. तिथे सांगण्यात आलं, तुमच्या अंगात जंतू दडून बसलेत, हाताच्या शिरेत नळी बसवून सहा महिने अँटिबायोटिक घ्यावं लागेल. विमा यातला एक पैसाही देणार नव्हता.

तिने मला फोन केला तो सल्ला विचारायला नव्हे. मराठी शाळेतल्या निवृत्त बाईला अमेरिकेतल्या औषधातलं काय कळणार! तिने विचारलं, "मावशी, तुला चिकुनगुन्या झाला होता ना? किती दिवस दुखत होतं गं?"

या एका प्रश्नापायी मी महिनाभर वाचत बसले. नातवाने इंग्रजी लेख काढून दिले, अडलं तिथे समजावून सांगितलं. त्यातलं जे मला नीट कळलं तेवढंच इथे देते.

लाइम हे गावाचं नाव आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात लाइम आणि ओल्ड लाइम अशी दोन गावं आहेत. १९७५ च्या सुमाराला तिथल्या काही आयांच्या लक्षात आलं की आपल्या आळीतल्या बऱ्याच मुलांचे सांधे सुजताहेत. पॉली मरे ही त्यांतली एक. तिच्या घरात सगळेच आजारी. डॉक्टरांनी तिला फारसं मनावर घेतलं नाही, तेव्हा ती सगळ्यांच्या दुखण्यांच्या नोंदी लिहीत राहिली. शेवटी येल विद्यापीठातल्या अ‍ॅलन स्टीअर या तरुण डॉक्टरने त्या नोंदी पाहिल्या, तपास केला, आणि १९७७ मध्ये हा वेगळा आजार म्हणून प्रसिद्ध झाला. जंतू सापडला त्यानंतर, १९८२ साली विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाने तो जाहीर केला. हा स्प्रिंगसारखा पीळदार जंतू असतो. आपल्याकडे पावसाळ्यात ज्याची भीती घालतात तो लेप्टोचा जंतूही याच पीळदार जातीतला.

आणि तो माणसापर्यंत पोचवतो कोण? गोचीड! आपल्या म्हशीच्या कानामागची असते तशी टपोरी नव्हे. बारीक, खसखशीच्या दाण्याएवढी. चावते ते कळतही नाही. हा जंतू तिला मिळतो मुख्यतः रानउंदरांकडून, आणि मोठी झालेली गोचीड हरणांच्या अंगावर पोसते. दर वर्षी अमेरिकेत पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं लाइमचे उपचार घेतात, असा तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेचा अंदाज आहे.

गोचिडीचे आजार आपल्यापासून दूर आहेत असं मात्र कुणी समजू नये. माकडताप आठवतोय? १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संस्थेने तो विषाणू शोधला, आणि तोही गोचिडीमुळेच पसरतो हे दाखवून दिलं. २०१६ मध्ये हाच माकडताप सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. दोडामार्ग म्हणजे आपल्या चंदगडचा शेजार, तिलारीचा घाट उतरलं की आलंच. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याचा फटका बसला. अर्थात तो विषाणू वेगळा, आजार वेगळा. पण गोचीड म्हणजे फक्त जनावरांची पीडा, हा समज खरा नाही.

आता माझ्याकडे येते. भाचीला माझी आठवण झाली त्याचं कारण २००६ साल. त्या वर्षी चिकुनगुन्याने देशभर थैमान घातलं. सरकारी आकड्यांप्रमाणे तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण, त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र पुढे. खरं तर हा पाहुणा जुना. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची मोठी साथ येऊन गेली होती. पुढे तीसेक वर्षं तो कुठे दिसला नाही, आणि परत आला तो आफ्रिकेकडच्या वाणाचा, असं पुण्याच्या संस्थेने तपासून सांगितलं. नावही तिकडचंच. टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला हा शब्द, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. नाव ठेवणाऱ्याने अगदी नेमकं ठेवलंय!

आमची आख्खी गल्ली वाकून चालत होती. दूधवाला वाकलेला, दूध घेणारी वाकलेली. दुखण्याची सुद्धा चेष्टा व्हायची. पहिल्या महिन्यात कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, कारण प्रत्येकाच्या घरी तेच होतं. माझी निवृत्ती तेव्हा तीन वर्षांवर आली होती. ताप पाच दिवसांत गेला. पण खडू बोटांत धरता येईना. भाकरी थापता येईना. गणपतीत मोदकांच्या पाऱ्या सुनेने केल्या, मी नुसती बघत बसले.

खरी गंमत (गंमत कसली!) पुढेच होती. दोन-तीन महिन्यांत बहुतेक लोक बरे झाले. मी झाले नाही. सकाळी मुठी मिटायला तासभर लागायचा. मग स्टाफरूममध्ये एक शब्द ऐकू येऊ लागला. "अजून?" बाई, अजून दुखतंय? बोलणारे मनाने वाईट नव्हते. पण 'अजून' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. आधी त्यात चौकशी असते, मग आश्चर्य, आणि सहाव्या महिन्यात त्यात संशय येतो. साथीतलं दुखणं सगळ्यांचं असतं, म्हणून ते खरं असतं. साथ ओसरल्यावर उरलेलं दुखणं एकट्याचं, आणि एकट्याच्या दुखण्याला साक्षीदार कोण? भाचीच्या दुखण्याला तर पहिल्या दिवसापासून साक्षीदार नव्हता.

माझ्या बाबतीत साक्षीदार होते ते आमचे डॉक्टर. पेठेतला जुना दवाखाना, बाहेर दोन लाकडी बाकं, आत कंपाउंडर. सासूबाईंपासून नातवापर्यंत सगळं घर त्यांच्या हाताखालून गेलेलं. मी तक्रार सांगितली की ते आधी दोन्ही हात हातात घेऊन बघायचे. म्हणाले, "बाई, दुखणं खरं हाय तुमचं. पण ते जिवावरचं न्हाई. ह्या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवायच्या." आज विचार करते तेव्हा वाटतं, सगळं औषध या दोन वाक्यांत होतं. नुसतं पहिलं सांगितलं असतं तर मी घाबरले असते. नुसतं दुसरं सांगितलं असतं तर मला वाटलं असतं, हे मला खोटी ठरवताहेत.

मग त्यांनी काय केलं, ते क्रमाने सांगते. आधी इतर कारणं तपासली. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, आमवाताची तपासणी. चिकुनगुन्याच्या आडून दुसरंच काही वाढत नाही ना, हे बघायला नको? सहाव्या महिन्यात त्यांनी मला सांधेतज्ज्ञांकडे पाठवलं. आमवात नाही, असं त्यांनी लिहून दिलं, आणि मी परत आमच्या डॉक्टरांकडे आले. त्यांनी मला पाठवलं, पण सोडलं नाही. हा फरक फार मोठा आहे. वेदनेची गोळी द्यायचे ती थोडे दिवस, जेवणानंतर, आणि मधे किडनीची तपासणी करून. गरम पाण्यात बोटं हलवायची, रोज थोडं चालायचं, बरं वाटलं त्या दिवशी चार दिवसांची कामं उरकायची नाहीत. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं!

आणि एक वही घालायला लावली. सकाळी किती मिनिटं बोटं आखडलेली होती, आणि दिवसभरात काय जमलं. काय दुखलं ते नाही, काय जमलं ते. 'आज निम्मा फळा लिहिला.' 'आज पिशवी उचलली.' दर महिन्याला ती वही उघडून बघायचे. त्यांनी मला एकदाही 'अजून?' म्हटलं नाही. ते विचारायचे, "ह्या महिन्यात नवीन काय जमलं?"

त्याच दिवसांत गावात एक पुडी फिरत होती. बिनलेबलची, पांढरी पूड. तीन दिवसांत माणूस टुणटुणीत. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, त्यात स्टेरॉइड असणार, हात लावू नका. मी लावला नाही. शेजारच्या एक काकू महिनोन्‌महिने घेत राहिल्या. चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली, आणि पुडी बंद केल्यावर दुखणं दुपटीने आलं.

माझी बोटं अकराव्या महिन्यात मोकळी झाली. कशाने? कुणी म्हणालं निर्गुडीच्या शेकाने, कुणी म्हणालं होमिओपॅथीने, सासूबाई म्हणाल्या अंबाबाईने. आता गंमत बघा, दहाव्या महिन्यात मी जे काही घेतलं असतं, त्याला श्रेय मिळालं असतं. पुडी घेतली असती तर मी आज पुडीचे गुण गात बसले असते. म्हणूनच औषधाची परीक्षा घेताना दोन गट करावे लागतात. एकाला खरं औषध, दुसऱ्याला तुलनेचं, आणि कुणाला काय दिलं ते परीक्षा संपेपर्यंत रुग्णाला सांगायचं नाही. साथीच्या वेळी कितीतरी ठिकाणी क्लोरोक्वीन देत असत. पुण्याचे सांधेतज्ज्ञ अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते साध्या वेदनाशामक गोळीशी ताडून पाहिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला, क्लोरोक्वीनचा वेगळा असा फायदा दिसला नाही.

लाइमचंही असंच झालं. गोळ्या घेऊनही शंभरातल्या पाच ते दहा जणांना थकवा, दुखणं, विस्मरण सहा महिन्यांहून जास्त काळ छळतं, हे तिथल्या सीडीसीलाही मान्य आहे. म्हणजे भाचीचं दुखणं कल्पनेतलं नाही. पण त्यासाठी महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन उपयोग होतो का? २००१ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. एक महिना शिरेतून आणि दोन महिने गोळ्या, असं ९० दिवस औषध. दुसऱ्या गटाला नुसतं दिसायला औषध. दोन्ही गटांत काहींना बरं वाटलं, काहींना नाही. फरक काही पडला नाही. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीतही तेच दिसलं. उलट शिरेतल्या नळीवाटे नवे जंतू रक्तात शिरण्याचा धोका असतो. अशा लांबलेल्या उपचारांत गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांची हकीकत सीडीसीने २०१७ मध्ये छापली, त्यात मृत्यूही आहे.

आणखी एक गोष्ट कळली. लाइमची नेहमीची रक्ततपासणी जंतू शोधत नाही, शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. पहिल्या काही आठवड्यांत ती तयारच झालेली नसतात, म्हणून आजार असून तपासणी कोरी येऊ शकते. आणि नंतर जंतू मेला तरी ती वर्षानुवर्षं राहतात. म्हणजे तपासणी 'पॉझिटिव्ह' आली याचा अर्थ जंतू आजही अंगात आहे असा होत नाही. भाचीच्या त्या क्लिनिकने नेमकं याच कागदावर बोट ठेवलं होतं.

मग उरलेलं दुखणं कशाचं? शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. काहींना वाटतं मेलेल्या जंतूंचे अवशेष सांध्यांत राहतात, काहींना वाटतं शरीराची संरक्षणव्यवस्था लढाई संपल्यावरही शस्त्र खाली ठेवत नाही. मला त्यातलं खोलात कळत नाही. पण एवढं कळतं की 'जंतू दडलेत' आणि 'तुला काही झालेलं नाही' या दोन वाक्यांच्या मधे बरीच मोठी जागा आहे, आणि माझी भाची त्या जागेत उभी होती. तिला दोनच दारं दाखवली गेली. एका दारावर अपमान, दुसऱ्या दारावर बिल.

मी तिला सल्ला दिला नाही. अकरा महिन्यांचं सगळं सांगितलं, वहीचंही सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, तुझा डॉक्टर इकडे पाठव ना."

ते आता शक्य नाही. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला त्याला बरीच वर्षं झाली. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. पण भाचीने तिच्या गावात एक फॅमिली डॉक्टर शोधली, तरुण बाई आहे. पहिल्याच भेटीत तिने थायरॉइड आणि झोपेची तपासणी सांगितली. झोपेत श्वास अडकत होता, तो एक नवाच दोष सापडला, त्यावर उपचार चालू झाले. दर सहा आठवड्यांनी ती हिला बोलावते. नळीचा विचार भाचीने सोडून दिला. ती पूर्ण बरी झालेली नाही. आठवड्यातले तीन दिवस कामाला जाते, बाकीचे दिवस घरून करते. वहीत परवा लिहिलंन, 'आज पोळ्या मी केल्या.' वाचून मला माझा निम्मा फळा आठवला. हे कुठवर जाईल ते मी सांगू शकत नाही, पण आता तिच्या दुखण्याला साक्षीदार आहे.

असो. फार लांबलं. जाता जाता कामाचं सांगते, कारण दर एप्रिल-मे मध्ये आपल्यातले किती तरी आजी-आजोबा नातवंडांसाठी तिकडे निघतात. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत असाल तर गवतातून, झाडीतून फिरून आल्यावर अंघोळ करा, आणि गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी, केसांत, कानामागे नीट बघा. नातवंडांचंही बघा. गोचीड दिसली तर आपल्याकडे जनावरांना लावतात तसं रॉकेल किंवा तेल लावू नका, जाळू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. तारीख लिहून ठेवा. जंतू अंगात शिरायला बहुतेक वेळा दिवसभराहून जास्त वेळ लागतो, म्हणून लवकर काढलेली बरी. पुढच्या महिन्याभरात ताप आला किंवा पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आपल्या सावळ्या कातडीवर तो चट्टा चटकन दिसत नाही, तेव्हा उजेडात बघा.

आणि इथे कोल्हापुरात राहणाऱ्यांनी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे जुने टायर, सगळं रिकामं करून घासून वाळवायचं. तो पट्ट्यापट्ट्यांचा डास दिवसा चावतो आणि घरातल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो.

एवढं करूनही घरातलं कुणी आजारी पडलं, आणि सगळे बरे झाल्यावरही त्याचं दुखणं उरलं, तर 'अजून?' म्हणू नका. आज काय जमलं, तेवढं विचारा.